पीआरपी चालतं की नाही? दोन पेपर, दोन उत्तरं आणि वाचायची रीत



या वेळचा विषय एक इंजेक्शन आहे. पीआरपी, म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा. पेशंटचंच रक्त काढायचं, सेंट्रिफ्यूज मशीनमध्ये फिरवायचं, प्लेटलेट जास्त असलेला पिवळसर भाग वेगळा करायचा आणि दुखऱ्या जागी टोचायचा. गुडघा, खांदा, टाच, कोपर, केस गळणारं डोकं, न भरणारी जखम, सगळ्यांवर हा एकच उपाय सांगितला जातो. एवढ्या सगळ्यांवर एकच औषध म्हटलं की संशोधकानं जरा सावध व्हायला पाहिजे. पण सावध होणं म्हणजे लगेच 'हे थोतांड आहे' म्हणणंही नाही.

माझं गाव रेणापूर, जिल्हा लातूर. सोयाबीन-तुरीच्या खुरपणीत उकिडवं बसून बसून गुडघे गेलेल्या बाया आमच्याकडं घरोघरी आहेत. मी पेशींवर पीएचडी करते एवढं कळलं की प्रश्न ठरलेला असतो : "लातूरला रक्ताचं इंजेक्शन घेतलं की गुडघ्यातली गादी परत येते म्हणतात, खरंय का गं?" या प्रश्नामागं हजारो रुपये असतात आणि ते बहुतेक वेळा खिशातूनच जातात. म्हणून उत्तर नीट द्यावं लागतं.

अडचण अशी की पेपर उघडले तर दोन्ही उत्तरं सापडतात. 2013 चा एक भारतीय पेपर म्हणतो, पीआरपी साध्या सलाईनपेक्षा सरस. 2021 चा एक ऑस्ट्रेलियन पेपर म्हणतो, काही फरक नाही. दोन्ही चांगल्या नियतकालिकांत आलेले, दोन्हींत चिठ्ठ्या टाकल्यासारखं गट पाडलेले. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा संशोधन आराखडा लिहायला बसला असाल, तर असा पेच तुमच्याही विषयात येणारच. म्हणून आज हे दोन पेपर शेजारी ठेवून वाचू. माझं म्हणणं आधीच सांगते : हे भांडण निकालांचं कमी आणि नावाचं जास्त आहे. 'पीआरपी' हे एका पदार्थाचं नाव नाही, ती एक करण्याची पद्धत आहे, आणि प्रत्येक ठिकाणी त्यातून वेगळी वस्तू बाहेर पडते.

आधी कल्पना समजून घेऊ

डेंग्यू झाला की आपल्याकडं "पेशी कमी झाल्या" म्हणतात, त्याच या प्लेटलेट. मराठी पुस्तकांत बिंबाणू किंवा रक्तबिंबिका. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण दीड ते साडेचार लाख. त्यांना केंद्रक नसतं आणि आयुष्य सात ते दहा दिवसांचं. जखम झाली की त्या तिथं चिकटतात, गुठळी व्हायला मदत करतात, हे आपण शाळेत शिकलो.

शाळेत फारसं न सांगितलेली गोष्ट म्हणजे त्यांच्या पोटातल्या अल्फा कणिका. या बारीक पिशव्यांत तयार प्रथिनं भरून ठेवलेली असतात, त्यांतली बरीच ग्रोथ फॅक्टर या गटातली. 1974 साली रसेल रॉस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गोठलेल्या रक्ताच्या सीरममध्ये स्नायुपेशींची वाढ करवणारा एक घटक असतो आणि तो प्लेटलेटमधून येतो. तोच पुढं पीडीजीएफ म्हणून ओळखला गेला. त्याच्या जोडीला टीजीएफ-बीटा, व्हीईजीएफ, ईजीएफ अशी यादी आहे. कोणी पेशींना जखमेकडं बोलावतो, कोणी त्यांचं विभाजन वाढवतो, कोणी नव्या केशवाहिन्या फुटायला लावतो, कोणी कोलॅजन तयार करवतो.

जखम भरण्याचा क्रमही ध्यानात घ्या : रक्त थांबणं, सूज आणि साफसफाई, नव्या ऊतीची वाढ, आणि शेवटी महिनोन्‌महिने चालणारी डागडुजी. प्लेटलेट पहिल्या टप्प्यात येतात आणि पुढच्या टप्प्यांना हाक देऊन जातात. आता गुडघ्याची कूर्चा बघा. तिच्यात रक्तवाहिन्याच नाहीत. तिथं इजा झाली तर रक्त पोहोचत नाही, म्हणून प्लेटलेट पोहोचत नाहीत, म्हणून हाकही दिली जात नाही. स्नायुबंधांमध्येही रक्तपुरवठा कमीच. मग विचार असा की जिथं रक्त जात नाही तिथं प्लेटलेट सुईनं नेऊन ठेवू. 1998 साली रॉबर्ट मार्क्स आणि सहकाऱ्यांनी जबड्याच्या हाडाच्या कलमात पीआरपी वापरून चांगले निकाल दाखवले आणि तिथून ही कल्पना दातांच्या डॉक्टरांकडून हाडांच्या डॉक्टरांकडं, मग खेळाडूंकडं, मग सगळीकडं पसरली.

कल्पना सुंदर आहे. पण संशोधनात 'असं व्हायला पाहिजे' आणि 'असं होतं' या दोन गोष्टींत बरंच अंतर असतं.

प्रयोगशाळेतला पुरावा किती धरायचा?

पीआरपीवरचे पुष्कळ पेपर पेशींच्या डिशमधले आहेत. कूर्चापेशी किंवा फायब्रोब्लास्ट घ्यायच्या, पीआरपी टाकायचं, पेशी वाढल्या असं दाखवायचं. पेशीसंवर्धन केलेल्या माणसाला यात एक गोष्ट लगेच खटकते. आपण रोज माध्यमात दहा टक्के फीटल बोवाईन सीरम टाकतो ते कशासाठी? पेशी वाढाव्यात म्हणूनच ना? आणि सीरममध्ये प्लेटलेटमधून सुटलेले घटक असतातच. त्यामुळं 'सीरम नसलेलं माध्यम' आणि 'पीआरपी घातलेलं माध्यम' यांची तुलना करून पेशी वाढल्या असं दाखवणं म्हणजे उपाशी आणि जेवलेल्या माणसाच्या ताकदीची तुलना. खरी तुलना पाहिजे ती त्याच रक्तातल्या प्लेटलेट काढून टाकलेल्या प्लाझ्माशी. ती केली असेल तरच फरक प्लेटलेटमुळं पडला असं म्हणता येतं. असा पेपर वाचताना नियंत्रण गटात काय टाकलं होतं ते आधी शोधा, आलेख नंतर बघा.

दुसरी शंका वेळेची. प्लेटलेट सक्रिय झाल्या की त्यांच्या साठ्यातला बहुतांश भाग पहिल्या तासाभरात बाहेर पडतो. ऊतीची डागडुजी मात्र महिने घेते. एका तासाची हाक सहा महिने कशी पुरते? यावर आज दिलं जाणारं उत्तर असं की पीआरपी बहुधा सांध्यातली सूज घडवणारं वातावरण बदलतं, त्यामुळं दुखणं कमी होतं. हे शक्य आहे. पण मग दावा बदलला, हे ओळखा. 'सूज आणि वेदना कमी होते' हा एक दावा आणि 'नवी कूर्चा उगवते' हा दुसरा. जाहिरातीत दुसरा असतो, पेपरात बहुतेक वेळा पहिलाच मोजलेला असतो.

तिसरी गोष्ट. पिशवीतला माल आपण निवडत नाही, सगळाच सांडतो. केशवाहिन्या फुटायला लावणारा व्हीईजीएफ मधुमेहाच्या जखमेत हवाच आहे. पण कूर्चेचा स्वभावच रक्तवाहिन्यांशिवाय राहण्याचा. तिथं तो हवा की नको? प्लेटलेटमध्ये केशवाहिन्यांची वाढ रोखणारी प्रथिनंही असतात. म्हणजे 'ग्रोथ फॅक्टर आहेत, म्हणून चांगलं' हे वाक्य कुठल्या ऊतीबद्दल चाललंय ते सांगितल्याशिवाय अर्धवट आहे.

चंदीगडचा पेपर, 2013

आता माणसांवरचा पुरावा. चंदीगडच्या पीजीआय संस्थेतून संदीप पटेल, मनदीप धिल्लों आणि सहकाऱ्यांचा पेपर 'अमेरिकन जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये आला. दोन्ही गुडघ्यांची सुरुवातीची झीज असलेले 78 पेशंट, म्हणजे 156 गुडघे. तीन गट : एक पीआरपी इंजेक्शन, तीन आठवड्यांच्या अंतरानं दोन पीआरपी इंजेक्शनं, आणि एक सलाईनचं इंजेक्शन. सहा महिने पाठपुरावा. दोन्ही पीआरपी गटांत दुखणं आणि हालचाल सलाईनपेक्षा स्पष्टपणे सुधारली. एक आणि दोन इंजेक्शनांत फारसा फरक नव्हता.

या पेपरचं मोल मोठं आहे. त्या काळात पीआरपीची तुलना बहुतेकदा दुसऱ्या इंजेक्शनाशी व्हायची. यांनी थेट सलाईनशी केली. पांढऱ्या पेशी गाळून घेतल्या होत्या हे सांगितलं. आणि सहा महिन्यांनंतर परिणाम ओसरायला लागतो हेही लपवलं नाही. आपल्या निकालाची मर्यादा गोषवाऱ्यातच लिहिणारे लेखक कमी असतात.

पण टीका करायची तर तीन ठिकाणी बोट ठेवावं लागेल.

पहिलं, मोजणीचं एकक. निष्कर्ष गुडघ्यांवर काढलाय : 52, 50 आणि 46. पण एका माणसाचे दोन गुडघे स्वतंत्र नसतात. तोच माणूस, तेच वजन, तेच काम, वेदना सांगण्याचा तोच स्वभाव. सलाईन गटात 46 गुडघे म्हणजे माणसं 23 च. एकाच झाडाचे दोन आंबे चाखून 'दोन झाडं तपासली' असं म्हणता येत नाही. आकडेशास्त्रात याला निरीक्षणांचं परस्परावलंबन म्हणतात आणि ते धरलं नाही तर निकाल आहे त्यापेक्षा पक्का दिसतो.

दुसरं, एका इंजेक्शनाचा गट आणि दोन इंजेक्शनांचा गट यांतला फरक पेशंटला कळतोच. तीन आठवड्यांनी परत सुई टोचली गेलेल्या माणसाची आशा वेगळी असते. वेदना हा निकाल पेशंटच्या तोंडूनच यायचा असल्यामुळं ही बाब किरकोळ नाही.

तिसरं, आणि आजच्या विषयासाठी सगळ्यांत महत्त्वाचं. गोषवाऱ्यात पद्धतीच्या भागात लिहिलंय की प्लेटलेटचं प्रमाण मूळ रक्ताच्या तीन पट होतं. त्याच गोषवाऱ्याच्या निष्कर्षात नेहमीच्या दहा पट असा उल्लेख आहे. तीन की दहा? औषधाच्या पेपरमध्ये '300 मिलिग्रॅम' आणि 'एक ग्रॅम' असं दोन ठिकाणी वेगळं छापलं असतं तर ते पहिल्या वाचनातच पकडलं गेलं असतं. पीआरपीच्या बाबतीत मात्र मात्रा हा आकडा कोणी तेवढ्या गंभीरपणे वाचतच नव्हतं. म्हणून हे उदाहरण एका पेपरपेक्षा त्या सगळ्या क्षेत्राबद्दल जास्त सांगतं.

ऑस्ट्रेलियाचा पेपर, 2021

नोव्हेंबर 2021 मध्ये 'जामा'मध्ये किम बेनेल आणि सहकाऱ्यांची रिस्टोर चाचणी आली. पन्नाशी ओलांडलेले, सौम्य ते मध्यम झीज असलेले 288 लोक. दर आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं, एका गटाला पीआरपी आणि दुसऱ्याला सलाईन. पाठपुरावा बारा महिने. यांनी दोन मुख्य निकाल आधीच ठरवले : 0 ते 10 या पट्टीवरची वेदना आणि एमआरआयवर मोजलेलं कूर्चेचं आकारमान. म्हणजे वर सांगितलेले दोन्ही दावे एकाच वेळी तपासले.

निकाल : वेदना पीआरपी गटात 2.1 नं आणि सलाईन गटात 1.8 नं कमी झाली. कूर्चा पीआरपी गटात 1.4 टक्के आणि सलाईन गटात 1.2 टक्के घटली. दोन्ही ठिकाणी फरक नगण्य.

या आकड्यांपाशी जरा थांबा. सलाईन घेतलेल्यांचंही दुखणं दहापैकी 1.8 नं कमी झालं! म्हणजे मिठाच्या पाण्यानं? काही वाटा आशेचा, डॉक्टरनं लक्ष दिल्याचा. काही वाटा अशाचा की माणूस दवाखान्यात जातो तेच दुखणं अगदी शिगेला पोहोचल्यावर, आणि शिगेला पोहोचलेली गोष्ट पुढं आपोआप थोडी उतरतेच. म्हणूनच "अमुक तमुकला इंजेक्शन घेतल्यावर फरक पडला" ही हकिगत खरी असूनही इंजेक्शनाचा पुरावा होत नाही. नियंत्रण गट नसलेल्या पेपरलाही हेच लागू.

दुसरं असं की या चाचणीत मुख्य निकालांखेरीज 31 दुय्यम निकाल ठरवले होते आणि त्यांतल्या 29 मध्ये फरक दिसला नाही. उरलेल्या दोनांचं काय? पाच टक्क्यांची कसोटी लावून 31 वेळा बघितलं तर नुसत्या योगायोगानं एकदोन ठिकाणी 'फरक' दिसणं अपेक्षितच आहे : 31 गुणिले 0.05 म्हणजे सुमारे दीड. एखाद्यानं तेवढे दोनच उचलून नवा पेपर लिहिला असता तर मथळा वेगळा झाला असता. मुख्य निकाल आधी नोंदवून ठेवण्याचा फायदा तो हाच.

मग प्रश्न मिटला का? नाही. या चाचणीवर मोठी टीका झाली ती मात्रेवरून. वापरलेल्या पीआरपीत प्लेटलेट मायक्रोलिटरला साधारण सव्वातीन लाख होत्या. वर निरोगी रक्ताची मर्यादा काय लिहिली होती? दीड ते साडेचार लाख. म्हणजे ज्याला प्लेटलेटनं 'समृद्ध' म्हणायचं तो द्रव काही लोकांच्या साध्या रक्ताएवढाच होता.

शेतकऱ्याचा प्रश्न

आमच्याकडं शेतकरी कृषी सेवा केंद्रात जाऊन नुसतं "खत द्या" म्हणत नाही. 10:26:26 मागतो, 19:19:19 मागतो. युरियाच्या गोणीवर नत्र 46 टक्के असं छापलेलं असतं. कुठलं, किती आणि कधी, या तीन प्रश्नांशिवाय तो पैसे काढत नाही. पीआरपीची अवस्था मात्र शेणखतासारखी आहे. नाव एक, पण प्रत्येक उकिरड्याचा कस वेगळा. शेणखत वाईट असतं असं नाही. पण दोन शेतांतल्या शेणखताचे निकाल जुळले नाहीत म्हणून 'शेणखत चालतं' किंवा 'चालत नाही' असा वाद घालण्यात अर्थ नाही. आधी दोन्ही ढीग तपासावे लागतील.

ही तपासणी किती होते? 2017 साली 'जर्नल ऑफ बोन अँड जॉइंट सर्जरी'मध्ये चाहला आणि सहकाऱ्यांनी हाडं-सांध्यांच्या उपचारांतले पीआरपीचे 105 अभ्यास चाळले. पीआरपी कसं बनवलं ते दुसऱ्याला तसंच करता येईल इतकं नीट सांगणारे जेमतेम 10 टक्के निघाले. तयार द्रवात नक्की काय किती होतं याचे आकडे देणारे 16 टक्के. म्हणजे बहुतेकांनी गोणीवर काही छापलंच नाही.

फरक येतो कुठून, ते समजायला आपल्या मुंबईचाच एक पेपर चांगला आहे. सायनच्या लोकमान्य टिळक वैद्यकीय महाविद्यालयातल्या रचिता धुरत आणि एम. एस. सुकेश यांनी 2014 साली पीआरपी बनवण्याच्या पद्धतींचा आढावा लिहिला. त्यात दोन फेऱ्यांची पद्धत साध्या भाषेत मांडली आहे. पहिली फेरी हळू : जड लाल पेशी खाली बसतात, हलक्या प्लेटलेट वर प्लाझ्मात राहतात. तो वरचा भाग दुसऱ्या नळीत घ्यायचा आणि जोरात फिरवायचा. आता प्लेटलेट तळाशी जातात. वरचा दोनतृतीयांश पातळ भाग काढून टाकायचा, खालचा एकतृतीयांश म्हणजे पीआरपी. यात रक्त न गोठू देणारं रसायन कुठलं, रक्त थंड केलं का, पांढऱ्या पेशींचा मधला थर घेतला की सोडला, शेवटी किती मिलिलिटर ठेवलं, अशा प्रत्येक पायरीवर वस्तू बदलते. पांढऱ्या पेशी घेतलेलं पीआरपी आणि गाळलेलं पीआरपी यांना तर 2009 पासून वर्गीकरणात वेगळी कुळं मानतात.

एक छोटं गणित करून बघा. पुष्कळ पेपर फक्त '3000 आरपीएमवर दहा मिनिटं' असं लिहितात. पण पेशींना आरपीएम जाणवत नाही, त्यांना जोर जाणवतो. तो काढायचं सूत्र : 1.118 गुणिले 10 चा उणे पाचवा घात, गुणिले रोटरची त्रिज्या सेंटिमीटरमध्ये, गुणिले आरपीएमचा वर्ग. त्रिज्या 10 सेंटिमीटर असेल तर 3000 आरपीएमला जोर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 1000 पट. त्रिज्या 15 असेल तर सुमारे 1500 पट. आकडा तोच लिहिला, मशीन दुसरं, जोर दीडपट. त्रिज्या किंवा जोर न सांगणारा पेपर वाचून तुम्हाला तो प्रयोग परत करताच येणार नाही.

'तीन पट' हा शब्दही असाच फसवा. मूळ रक्तात दीड लाख असलेल्या माणसाचे तीन पट म्हणजे साडेचार लाख, चार लाख असलेल्याचे बारा लाख. आणि शेवटी गुडघ्यात किती गेल्या ते प्रमाण गुणिले आकारमान यावर ठरतं. सव्वातीन लाखांचं 5 मिलिलिटर म्हणजे सुमारे 160 कोटी प्लेटलेट. साडेबारा लाखांचं 8 मिलिलिटर म्हणजे 1000 कोटी. दोन्ही सिरिंजवर लेबल मात्र 'पीआरपी'च.

मग खरं कोणाचं? माझं मत

मात्रेचा मुद्दा पटतो, तरी त्याला एक पळवाट आहे आणि तिच्याकडं लक्ष ठेवा. निकाल चांगला आला की 'पीआरपी चालतं' आणि वाईट आला की 'मात्रा कमी होती' असं म्हणायला लागलो तर पीआरपी कधी हरणारच नाही. जी गोष्ट हरू शकत नाही ती विज्ञानात जिंकूही शकत नाही. मात्रेचा दावा करणाऱ्यांनी तो तपासून दाखवला पाहिजे.

2021 साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये भारतीय संशोधकांनी 1000 कोटी प्लेटलेटची मात्रा देऊन वर्षभर फायदा टिकल्याचं मांडलं. चांगली दिशा आहे. निदान आकडा तरी सांगितला. पण तिथं तुलना होती ती गुडघ्यात देतात त्या जेलच्या, म्हणजे हायल्युरॉनिक ॲसिडच्या इंजेक्शनाशी, सलाईनशी नव्हे. आणि सलाईनसुद्धा 1.8 गुण देतं हे आपण पाहिलंच. म्हणून खरी चाचणी अशी असावी : जास्त मात्रा, कमी मात्रा आणि सलाईन असे तीन गट, प्रत्येक सिरिंजमधल्या प्लेटलेट मोजलेल्या, सगळ्यांच्या हातातून रक्त काढलेलं, एकक माणूस, किमान वर्षभर पाठपुरावा, आणि वेदनेबरोबर एमआरआयही. मात्रा वाढली तसा फायदा वाढला तर मी आनंदानं मत बदलेन.

तोवर पुराव्याचा कौल गुडघ्यासाठी असा वाचते : सुरुवातीच्या झिजेत काही लोकांना काही महिने आराम पडू शकतो, नवी कूर्चा उगवते हे दाखवलेलं नाही. तज्ज्ञांच्या संघटनाही एकमतात नाहीत. अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचना गुडघ्यासाठी पीआरपी वापरू नका असं ठामपणे सांगतात आणि कारण देतात ते हेच, की तयार होणारी वस्तू सारखी नसते. तिथल्याच अस्थिशल्यचिकित्सकांच्या 2021 च्या सूचना मर्यादित पुराव्यावर सौम्य होकार देतात. कोपराच्या दुखण्यावर 2021 च्या कॉक्रेन आढाव्यानं 32 अभ्यास एकत्र करून सांगितलं की महत्त्वाचा फायदा बहुधा नाही. उलट मधुमेही पायाच्या न भरणाऱ्या जखमांत चित्र थोडं आशेचं आहे : 2016 चा कॉक्रेन आढावा फायद्याची शक्यता मांडतो, पुरावा कच्चा असल्याचं बजावून. त्यामागं कारणही समजण्यासारखं आहे. जखम उघडी असते, नव्या केशवाहिन्या तिथं हव्याच असतात, आणि निकाल 'भरली की नाही' असा डोळ्यांना दिसतो. म्हणजे 'पीआरपी चालतं का?' हा प्रश्नच चुकीचा. कुठलं पीआरपी, किती, कुठल्या ऊतीत, कशाच्या तुलनेत, किती दिवसांसाठी, एवढं विचारलं तरच उत्तराला अर्थ येतो.

"स्वतःचंच रक्त आहे, अपाय काय होणार?" असंही विचारलं जातं. रक्त स्वतःचं असलं तरी सुई, नळी आणि हात दुसऱ्याचे असतात. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या एका परवाना नसलेल्या स्पामध्ये चेहऱ्यावर पीआरपी घेतलेल्या काही महिलांना एचआयव्हीची लागण झाली, हे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेनं 2024 मध्ये नोंदवलं. दोष पीआरपीचा नव्हता, निर्जंतुकतेचा होता. पण रुग्णाच्या दृष्टीनं तो फरक काय कामाचा?

तुमच्या वहीत काय उतरवायचं?

तुमचा विषय पीआरपी नसेलही. सोयाबीनवरची बुरशी असेल, पाण्यातलं फ्लोराइड असेल, नॅनोकण असतील. तरी कुठलाही उपचाराचा पेपर हातात घेतला की हे विचारा.

1. नाव सोडून वस्तू काय होती? मात्रा आकड्यात दिली आहे का, आणि ती गोषवारा, पद्धत आणि निष्कर्ष या तिन्ही ठिकाणी एकच आहे का?
2. पद्धत वाचून मी हा प्रयोग माझ्या प्रयोगशाळेत परत करू शकेन का?
3. नियंत्रण गटाला काय दिलं? काहीच नाही, सलाईन, की दुसरं औषध?
4. मोजणीचं एकक काय? माणूस की गुडघा, झाड की पान, प्राणी की पेशी?
5. मुख्य निकाल आधी ठरवला होता का, की तीसमधले दोन निवडले?
6. दावा आणि मोजमाप एकाच गोष्टीचं आहे का? वेदना मोजून पुनर्निर्मिती सांगितली तर नाही ना?

आराखड्यातल्या पूर्वसंशोधनाच्या प्रकरणात 'अमुक यांच्या मते फायदा होतो, तमुक यांच्या मते होत नाही' अशी वाक्यांची माळ ओवू नका. मार्गदर्शकही अशा माळेवरून नजर फिरवून पुढं जातात. दोन पेपर का जुळत नाहीत ते एका परिच्छेदात सांगा. बहुतेक वेळा त्या न जुळण्यातच तुमचा संशोधनप्रश्न दडलेला असतो. पीआरपीत तो दडलाय मात्रेत. तुमच्या विषयात तो कुठं आहे ते पद्धतीचा विभाग दोनदा वाचल्यावर सापडेल. गोषवारा दहादा वाचून सापडणार नाही.

आणि घरच्यांनी, शेजाऱ्यांनी विचारलं तर 'हो' किंवा 'नाही' म्हणून मोकळं होऊ नका. त्यांना दवाखान्यात विचारायला चार प्रश्न द्या : माझी झीज कितव्या टप्प्यात आहे? इंजेक्शनातल्या प्लेटलेट तुम्ही मोजता का? आराम किती महिने अपेक्षित आहे? आणि वजन कमी करणं, मांडीचे व्यायाम हे आधी करून बघू का? या प्रश्नांची उत्तरं शांतपणे देणारा डॉक्टर भेटला तर निर्णय त्याच्याशी बोलून घ्यावा. खुरपं हातात धरणाऱ्या बाईला गोणीवरचे आकडे वाचायची सवय असतेच. सिरिंजवरचे आकडे विचारायचाही तिला तेवढाच हक्क आहे.

पुढच्या लेखात एकक आणि नमुनासंख्या यांवर सविस्तर लिहीन. तोवर तुमच्या विषयातले न जुळणारे दोन पेपर काढून ठेवा.